लेन्स निसटली नाही

साहेब, लेन्स तुम्ही पाडलीत.

चौकशीच्या कागदावर वेगळंच लिहिलंय आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ मारून ठेवलीय. त्या रेघेवर मी सही करणार नाही. का करणार नाही, ते इथे लिहिते. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे, पण हा कागद तुमच्या वरच्यांकडेही जाणार आहे, आणि त्यांनी आमची खोली कधी पाहिलेली नाही. म्हणून मुळापासून सांगते. शाळा मी आठवीपर्यंत शिकले. शुद्धलेखनाच्या चुका खुशाल काढा, पण आधी वाचा.

आमचं ऑफिस पुलांच्या तपासणीचं. पूल उभा आहे तोवर आमची कुणाला आठवण येत नाही आणि येऊही नये. काम सोपं आहे. दर महिन्याला प्रत्येक पुलाच्या खांबांचे फोटो काढायचे, त्याच जागेवरून, तेवढ्याच उंचीवरून. मग ते मागच्या महिन्याच्या फोटोंशेजारी ठेवून बघायचं की भेग होती तेवढीच आहे की पुढे सरकली. केसाएवढी भेग लांबून टिपायची तर मोठी लेन्स लागते. आपल्याकडे तशी एकच होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं वजन, आणि नखरेही तेवढेच.

मी कॅमेऱ्याच्या सामानाची खोली सांभाळते. त्याआधी मी शिवणकाम करायची. कॅमेऱ्यांच्या जुन्या पिशव्या फाटल्या म्हणून ऑफिसने मला आठ दिवसांसाठी बोलावलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली. खोली तेव्हा वस्तादांकडे होती. मी पहिल्या दिवशी मोठ्या लेन्सची मापं घेतली, जुन्या रजईतला कापूस काढून दोन थरांचं गुबगुबीत कव्हर शिवलं, खाली नाडी ओवली. वस्तादांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "हे तर झबलं झालं." मग लेन्सला ते घालून टेबलाच्या उंचीवरून गादीवर टाकली. उचलून कानाशी हलवली, काही वाजत नाही ना ते ऐकलं. "बाई, तू आता जाऊ नकोस."

मी राहिले. मला सगळे नाडीबाई म्हणायला लागले. म्हणू देत. कॅमेऱ्याला नाडी, लेन्सला नाडी, लेन्सच्या झाकणालासुद्धा नाडी. देणाऱ्याच्या पट्ट्याला एक कडी, घेणाऱ्याच्या पट्ट्याला दुसरी. दुसरी अडकल्याशिवाय पहिली सुटत नाही.

वस्तादांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात आहे की नाही, मला माहीत नाही. लेन्स बदलायची तर खाली बसून, बॅग दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन. बॅगेची चेन उघडी असेल तर बॅगेला हात लावायचा नाही, कारण जगातल्या निम्म्या लेन्स उघड्या बॅगा उचलल्यामुळे फुटल्या आहेत, असं ते म्हणायचे. निम्म्या कशा मोजल्या, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्यातल्या दोन माझ्याच." उतारावर स्टँड लावताना एक पाय उताराकडे. वारा असेल तर स्टँडच्या पोटाला वाळूची पिशवी. आणि सगळ्यात वरचा नियम हातातून हातात देण्याचा.

देणाऱ्याने विचारायचं, "धरलं?" घेणाऱ्याने म्हणायचं, "धरलं." हा शब्द कानावर आल्याशिवाय बोटं उघडायची नाहीत. मग समोर कोणी का असेना.

मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, "नुसतं हो म्हटलं तर?"

"हो माणूस कशालाही म्हणतो," वस्ताद म्हणाले. "बायकोला म्हणतो, दुकानदाराला म्हणतो, झोपेत म्हणतो. हो हे कानाचं उत्तर आहे. धरलं हे हाताचं."

"आणि हं म्हटलं तर?"

"हं तर नाकाचं."

या लेन्सच्या आधी अकरा वर्षांत आमच्या खोलीतली एकही वस्तू हातातून हातात जाताना पडली नाही. एकही नाही. वस्ताद निवृत्त झाले, नंतर गेले, शब्द राहिला. आमच्यात तो इतका मुरलाय की चहाचा ग्लास देतानाही तोंडातून निघतो. माझ्या घरी गरम पातेलं स्वयंपाकघरातून बाहेर येतं तेही "धरलं?", "धरलं" करत. पाहुणे हसतात. हसू देत, पातेलं पडत नाही.

आता त्या बुधवारचं.

तुम्ही पुलावर आलात ते तपासणीसाठी नाही. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तुमचा फोटो हवा होता, हातात मोठी लेन्स धरलेला, मागे पूल. यात मला काही वाईट वाटत नाही. फोटो सगळ्यांनाच हवा असतो. पुलावर आपण तिघंच कामाचे होतो. तुम्ही, मी आणि फोटोग्राफर, ज्याला सगळे बगळा म्हणतात, कारण तो उंच आहे आणि फोटो काढताना एक पाय वर घेतो. बाकीचे चार-पाच जण तुमच्याबरोबर आले होते, ते तुमच्याबरोबरच असतात.

मी लेन्स झबल्यातून काढली. नाडी माझ्या पट्ट्याला होती. दुसरी कडी तुमच्या पट्ट्याला अडकवायला पुढे झाले.

"हे काय?" तुम्ही विचारलंत.

"नाडी आहे साहेब. पडू नये म्हणून."

"मी काय पाडणार आहे?"

बरोबरचे हसले. मीही हसले. साहेबांच्या विनोदाला हसणं हे नोकरीच्या अटींत लिहिलेलं नसतं, पण सगळे पाळतात.

"काढा ती," तुम्ही म्हणालात. "फोटोत बकरी बांधल्यासारखी दिसेल."

मी काढली. ही माझी पहिली चूक. दुसरीही सांगते, कारण मला इथे फक्त तुमच्याच चुका लिहायच्या नाहीत.

तुमचा फोन वाजला. तुम्ही तो कान आणि खांदा यांच्यात धरलात आणि दोन्ही हात पुढे केलेत. हात पुढे केले होतेत, हे मी नाकारत नाही. लेन्स मी तुमच्या हातांवर टेकवली. माझे हात खालून तसेच होते.

"धरलं?" मी विचारलं.

"हं," तुम्ही म्हणालात.

मी सोडली.

"हं, हं, नाही, उद्या पाठवा," तुम्ही म्हणालात, आणि मला कळलं की पहिला हं पण माझा नव्हता. तोपर्यंत लेन्स खाली गेली होती. आवाज फार मोठा झाला नाही. जाड पुस्तक सपाट पडावं तसा. कठड्याच्या आतल्या कडेवर आपटली, एकदा उलटली आणि तुमच्या बुटाशी येऊन थांबली. पुढची काच मधोमध तडकलेली, मागची धातूची कड वाकलेली. अकरा वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या भेगा मोजल्या. आमची पहिली भेग तुमच्या बुटाशी पडली होती.

कठड्याच्या आत पडली हे नशीब. वीतभर बाहेर गेली असती तर खालच्या पायवाटेवर गेली असती. मी वाकून पाहिलं. खालून एक बाई मुलीला कडेवर घेऊन चालली होती. आवाज ऐकून तिने वर पाहिलं, आणि पुन्हा चालायला लागली. तिला काही कळलं नाही. तुम्ही पाहिलंत का तिला? नसेल पाहिलंत. तुम्ही तेव्हा फोनमध्ये म्हणत होतात, "एक मिनिट थांबा, इथे बाईंनी काहीतरी पाडलं."

साहेब, चौकशी तिथेच संपली. नंतरचे तीन आठवडे झालं ते फक्त टायपिंग.

मागच्या सोमवारी हेडक्लार्क कागद घेऊन माझ्या खोलीत आले. भला माणूस आहे, माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. कागदावर असं होतं: "सदर लेन्स संबंधित कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हातातून निसटली. सामान देण्याघेण्याची प्रचलित तोंडी पद्धत अविश्वसनीय असल्याने ती बंद करण्यात यावी. यापुढे सर्व लेन्स कपाटात कुलूपबंद ठेवाव्यात."

"सही करून टाका," ते म्हणाले. "प्रकरण मिटतं. खोली तुमच्याकडेच राहते."

"आणि नाही केली तर?"

"तर शुक्रवारी किल्ल्या साहेबांकडे द्यायच्या आणि आवक-जावकच्या टेबलावर बसायचं."

"कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते, हे साहेबांना सांगितलंत?"

"बाई, मी फक्त कागद आणलाय."

"मला एवढं सांगा, निसटली हा शब्द कोणाचा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "शब्द सापडतात हो. कोणाचे तरी असायलाच पाहिजेत असं नाही."

कागद घरी नेला. माझा नवरा शाळेची बस चालवतो, कामावरून आला होता, पाय पाण्यात बुडवून बसला होता. मी वाचून दाखवलं.

"मग? एका सहीने जीव जातोय का?" तो म्हणाला.

"निसटली लिहिलंय."

"पडलीच ना?"

"पडली. निसटली नाही. मी सोडली."

"अगं, ते तर जास्त वाईट."

"जास्त वाईट आहे, पण खरं आहे. निसटली म्हणजे माझ्या हातात जोर नव्हता. सोडली म्हणजे मला समोरून उत्तर आलं होतं."

त्याने पाय पुसले. "माझंच बघ. मी बस मागे घेताना मागून कोणी तरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतं. ठोकली तर नाव माझंच. येऊ द्या म्हणणारा तोवर घरी पोहोचलेला असतो."

"आणि तू सही करतोस?"

"मी करतो," तो म्हणाला. मग पाणी मोरीत ओतून आला. "म्हणून काय तूही करायची असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला चहा दिला. कप माझ्या हातात होता, पण त्याची बोटं कपावरून निघेनात. मी वर पाहिलं.

"धरलं?" त्याने विचारलं.

"धरलं," मी म्हटलं. एवढंच बोलणं झालं. मी निघाले ती सरळ बगळ्याकडे.

बगळा अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसून मागच्या महिन्यातल्या भेगा बघत होता. या महिन्याच्या नव्हत्या, कारण लेन्सच नव्हती.

"तू होतास तिथे," मी म्हटलं.

"ताई, मी खाली बघत होतो. स्टँडचा पाय बसत नव्हता."

"डोळे खाली होते. कानही खाली होते का?"

तो स्क्रीनवरची भेग मोठी करून बघायला लागला.

"ऐकलंस की नाही?"

"हं," तो म्हणाला.

मी नुसती उभी राहिले. त्याचं त्यालाच कळलं. उंच माणूस खजील झाला की फार उंच दिसतो.

"ऐकलं," तो म्हणाला. "ताई, माझी कायम होण्याची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे."

"माहीत आहे. मी तुला साहेबांच्या विरुद्ध लिही म्हणत नाही. कानाने जे ऐकलंस तेवढंच लिही. ते कोणाच्या बाजूने जातं ते कागद बघेल."

"आणि फाईल अडकली तर?"

"अडकेल कदाचित. खोटं सांगत नाही तुला."

मी त्याला तिथेच सोडून आले. मनात म्हटलं, हा काही लिहीत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती, घडी घातलेली, वर वाळूची पिशवी ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून. आत तीन ओळी: "नाडीबाईंनी 'धरलं?' असं विचारलेलं मी ऐकलं. 'धरलं' असं उत्तर ऐकलं नाही. 'हं' असं ऐकलं." खाली पूर्ण नाव आणि सही. ती चिठ्ठी याला जोडली आहे.

आता माझी दुसरी चूक. त्या चिठ्ठीतच ती आहे. मला उत्तर मिळालं नव्हतं आणि मी सोडली. हं चालत नाही, हे मला वस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. गेल्या वर्षी बाहेरून मोठे इंजिनिअर आले होते, "येस येस" म्हणत होते. मी त्यांना लेन्स दोघांच्या हातात तशीच ठेवून भर उन्हात उभं केलं होतं. शेवटी वैतागून "धरलं बाई, धरलं" म्हणाले, तेव्हा सोडली. जाताना त्यांनी माझं कौतुक केलं. मग तुम्हाला का नाही म्हटलं? कारण माझी रजा तुम्ही मंजूर करता. माझ्या नोकरीच्या कागदावर तुम्ही शेरा मारता. घशापर्यंत आलेलं "साहेब, धरलं म्हणा" मी गिळलं. निष्काळजीपणा नव्हता तो, भीती होती. कागदावर लिहायचंच असेल तर ते लिहा: "कर्मचारी साहेबांना घाबरली." खाली सही करते, आत्ता, याच पेनाने.

पण पद्धत अविश्वसनीय, हे लिहू नका. पद्धत अकरा वर्षं चालली. ती एकदाच चुकली, आणि जिथे आपण दोघांनी ती पाळली नाही तिथेच चुकली. दार उघडं टाकून झोपायचं आणि चोरी झाली की कुलूप वाईट म्हणायचं, असं झालं हे. तुमचा कागद मान्य झाला तर उद्या पुलावर लेन्स देताना कोणी काही विचारणार नाही. "घ्या", "द्या", "हं". मग एक दिवस ती कठड्याच्या बाहेर पडेल. त्या दिवशी खालून चालणाऱ्या बाईच्या कडेवर कोण असेल ते मला माहीत नाही, पण निसटली हा शब्द तयार असेल, हे माहीत आहे.

काल शुक्रवार होता. मी किल्ल्या घेऊन तुमच्या केबिनमध्ये आले. सही न केलेला कागद टेबलावर ठेवला. तुम्ही फोनवर होतात. न बघताच हात पुढे केलात. मी जुडगा तुमच्या तळहातावर टेकवला आणि कडी बोटांत धरून ठेवली.

"धरलं?" मी विचारलं.

"हं," तुम्ही म्हणालात.

मी सोडला नाही. तुम्ही ओढलात. मी सोडला नाही. तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"काय आहे बाई?"

"धरलं म्हणा, साहेब."

"वेड लागलंय का तुम्हाला? द्या इकडे."

"देतेच आहे. तुम्ही म्हणा, मी सोडते."

दारात हेडक्लार्क उभे होते, शिपाई उभा होता. फोनमधला माणूस "हॅलो, हॅलो" करत होता. एक शब्द होता, साहेब. तीन अक्षरं. लहान मुलाला शिकवली तर तेही म्हणेल. तुमच्या तोंडून निघाली नाहीत. तुम्ही हात मागे घेतलात आणि म्हणालात, "जा, सोमवारी बघू."

म्हणून किल्ल्या अजून माझ्याकडे आहेत. पळवलेल्या नाहीत, कोणी घेतलेल्या नाहीत एवढंच. सोमवारी मी आवक-जावकच्या टेबलावर बसेन, हुकूम आहे तर बसेन. माझ्या टेबलावर येणारं पहिलं पत्र हेच असेल. आवकमध्ये मी स्वतः त्याची नोंद करीन, क्रमांक टाकीन आणि तुमच्याकडे घेऊन येईन. तुमच्या हातात देताना काय विचारीन ते तुम्हाला आता माहीत आहे.

मी माझ्या दोन्ही चुका वर लिहून दिल्या आहेत. मला बढती नको, माफी नको, चहा पाजून समजूतही नको. मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने. त्या बुधवारी पुलावर मी विचारलं तेव्हा तुम्ही लेन्स धरली होती का? हो लिहा किंवा नाही लिहा.

हं चालणार नाही.